भोकरवाडीचा घुसखोर

वलवणच्या धरणाच्या वरल्या अंगाला भोकरवाडी आहे. तीस-चाळीस उंबरे, एक पार, पारावर पिंपळ आणि पिंपळाखाली नेटवर्क. वाडीत दुसरीकडे कुठंही नेटवर्क येत नाही. त्यामुळे पूर्वी पारावर फक्त म्हातारी माणसं बसायची, आता सगळ्या वयाची बसतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही.

अपवाद हौशीरामचा. हौशीराम बोलतोही आणि पाठवतोही.

वाडी त्याला आबा म्हणते. मिशी पांढरी, केस मात्र काळे. हे कसं काय, ते त्याच्या बायकोला, रतनबाईला विचारावं. ती न विचारताही सांगते. नोकरी म्हणाल तर लोणावळ्यातल्या एका बंगल्याची राखण. मालक मुंबईचे, शनिवारी येणार, रविवारी जाणार. पण बंगल्यातल्या वायफायनं बाकीचे दिवस करायचं काय? एवढी चांगली वस्तू वाया जाऊ नये म्हणून हौशीराम व्हरांड्यात खुर्ची टाकतो, चष्मा लावतो, आणि चष्मा घरी राहिला असेल तर तसाच कामाला लागतो. काम एकच. आलेला व्हिडिओ पुढं ढकलणं. भावकीचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, शाळेतल्या बॅचचा ग्रुप, एका लग्नापुरता काढलेला आणि नवरानवरीनंही सोडलेला ग्रुप, सगळीकडे हौशीराम पोचतो.

त्याचा नियम साधा होता. "ताटातली भाकरी आपल्यासाठी, मोबाईलमधली बातमी दुसऱ्यासाठी. आपन कशाला चाखून बघायची?"

त्यातही लाडका विषय म्हणजे लोंढे. 'बाहेरून येणाऱ्या लोंढ्यांनी केला घात', 'तुमच्या शेजारी कोण राहतं, तुम्हाला माहीत आहे का?' असले मथळे, मागं ढोल बडवल्यासारखं संगीत, आणि स्टेशनवरच्या गर्दीत कुठंतरी लाल बाण. बाण कुणाकडे दाखवतोय ते कधीच कळत नाही, पण बाण असला की हौशीरामचा अंगठा आपोआप चालतो. खाली स्वतःचं एक वाक्य जोडायचं, 'जागे व्हा', आणि जोडलेले हात.

आता गंमत पाहा. हौशीरामच्याच परसातल्या दोन खोल्यांत नटबर राहतो. नटबर ओडिशातल्या गंजामकडचा. लोणावळ्यात एका हॉटेलच्या भटारखान्यात काम मिळालं म्हणून आला, तो इथंच मुरला. पहिल्या वर्षी त्याला 'बस' आणि 'खा' एवढंच कळायचं. रतनबाईच्या घरी तेवढं पुरतं. पुढं भजनात मृदंग धरायला लागला, भातलावणीला चिखलात उतरला, आणि आता तर असं मावळी बोलतो, की पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, हाच वाडीतला जुना माणूस आणि हौशीराम कुणीतरी सिनेमातला. बायको जमुना, मुलगी छकुली. छकुलीचं बारसं रतनबाईनं केलं, नावही तिनंच ठेवलं. हौशीरामचा मुलगा संदेश आज पोलंडमध्ये एका हॉटेलात आचारी आहे. कांदा कसा चिरायचा ते त्याला नटबरनं शिकवलं. हौशीराम हे कुणाला सांगत नाही. तो फक्त सांगतो, "पोरगं परदेशी हाय."

एकदा रतनबाईनं भाकरी थापता थापता विचारलं, "अवो, सारखं लोंढे लोंढे करता, मंग आपला नटबर कोन?"

हौशीरामला प्रश्नच कळला नाही. "नटबरचा काय संबंद? लोंढं मोबाईलमदी हाईत. नटबर परसात हाय."

रतनबाईनं भाकरी उलटली. काही भाकऱ्या पुन्हा पुन्हा उलटून भाजाव्या लागतात, तसा हा नवरा आहे, हे तिला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं.

तर झालं काय, शिमगा सरला आणि चैत्रात वाघजाईचं जेवण आलं. भोकरवाडीत त्या दिवशी चूल पेटत नाही. पोराटोरांपासून कुत्र्यांपर्यंत सगळी वाडी दारं ओढून डोंगरावर देवीकडे जाते, तिथंच शिजवते, तिथंच जेवते. मागं एकच माणूस राहायचा, त्याला राखण्या म्हणतात. दरवर्षी एका घराची पाळी. राखण्यानं अनवाणी पारावर बसायचं. अंगावर शिवलेलं कापड नको. तोंडातून शब्द काढायचा नाही, कारण डोंगरावरची देवी त्या दिवशी त्याच्या रूपानं वाडीत बसलेली असते, आणि देवी काही चौकशीच्या खिडकीत बसल्यासारखी उत्तरं देत नसते. राखण्या बसला, की वेशीबाहेर कुणी बोचकंबिचकं, सामानसुमान नेऊ शकत नाही. आणि त्यानं उठायचं कधी? डोंगरावर शिजलेल्या भाताचा घास त्याच्या तोंडात पडेल तेव्हा.

यंदा पाळी हौशीरामच्या घराची. माणूस धंद्यानंच राखणदार. पण गप्प बसायचं म्हटल्यावर रतनबाईनं देवीला आदल्या दिवशीच हात जोडले. दुसरी अडचण कापडाची. धोतर हौशीरामच्या घरात त्याच्या वडलांनंतर कुणी नेसलं नव्हतं. शेवटी नटबरनं आपली न शिवलेली चौकड्यांची लुंगी आणि लाल काठाचा गमछा दिला.

"आबा, आता तुमी अक्शी आमच्या गावाकडचं सरपंच दिसताय," नटबर म्हणाला आणि मोठी कढई डोक्यावर घेऊन लोकांबरोबर डोंगर चढला. वाघजाईचा भात गेली कित्येक वर्षं तोच शिजवतो. एवढा भात न करपवता शिजवणारा वाडीत दुसरा कुणी नाही.

म्हणजे त्या दिवशी वाडीतला एकुलता एक बाहेरचा माणूस डोंगरावर गावजेवण रांधत होता, आणि वाडीतल्या सर्वांत जुन्या घराचा माणूस लुंगी लावून पारावर एकटा बसला होता. आणि नेमका त्याच वेळी कैलास आला.

कैलास तळेगाव दाभाड्याचा. 'दणका मावळ' नावाचं यूट्यूब चॅनेल चालवतो. माणूस वाईट नाही, पण त्याला रोज काहीतरी दणकवावं लागतं. त्या दिवशी तो 'मावळातला अज्ञात धबधबा' शोधत आला होता. चैत्रात. धबधब्याच्या जागी त्याला दगड दिसले, दगडांवर एक सरडा दिसला. पेट्रोल जाळून सरड्याचा व्हिडिओ काय करायचा, या विचारात तो भोकरवाडीत शिरला आणि बघतो तर काय, सगळी दारं बंद! रस्त्यात चिटपाखरू नाही. आणि पारावर लुंगी-गमछ्यातला एक उघडा माणूस.

कैलासनं लगेच कॅमेरा चालू केला. "मित्रांनो, मी आत्ता उभा आहे मावळातल्या एका ओसाड गावात! कुठं गेली इथली माणसं? काका, गावातली माणसं कुठं गेली?"

हौशीरामनं मिशीवरून हात फिरवला. अख्ख्या आयुष्यात त्याची मुलाखत कुणी घेतली नव्हती. टीव्हीवाल्यांनी विचारलं तर काय बोलायचं, हे तो बंगल्याच्या आरशासमोर कितीदा बोलून बघत असे. आणि माईक आला तो नेमका तोंडाला कुलूप असलेल्या दिवशी! त्यानं ओठ घट्ट मिटले आणि बोट वर केलं, डोंगराकडे.

"वर गेली म्हणतो!" कैलास कॅमेऱ्याला म्हणाला. "तुमचं नाव काय? गाव कोणतं? मराठी येतं का? मराठी समझता है?"

हौशीरामनं डोळे फिरवले, मान हलवली, छातीवर थापटलं, पाराकडे बोट केलं. म्हणायचं होतं, मी इथलाच रे बाबा. कैलासनं त्याचा अर्थ लावला: "पाहा मित्रांनो, छाती ठोकून सांगतोय, हे आता माझं आहे!"

तिसऱ्या प्रहरी वाडी डोंगरावरून उतरली. रतनबाईनं नवऱ्याच्या तोंडात घास घातला आणि ती एक पाऊल मागं सरली, कारण आता धरणाचा दरवाजा उघडणार हे तिला माहीत होतं. पण हौशीरामचा पहिला शब्द ठरलेलाच होता. राखण्या असो नसो, वाघजाईचा भात खाल्ला की दरवर्षी तो हेच म्हणतो.

"मीठ कमी हाय, नटबर."

मग त्यानं सगळ्यांना सांगितलं, की टीव्हीवाले येऊन गेले, त्याचं शूटिंग झालं, आणि तो काही बोलला नाही तरी त्याच्या चेहऱ्यावरून बरंच काही कळलं असणार.

कळलं खरं.

त्यानंतरच्या आठवड्यात हौशीराम बंगल्याच्या व्हरांड्यात बसला होता. चष्मा घरी. भजनी मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ पडला: 'मावळातलं गाव ओस! परप्रांतीयाचा कब्जा! मराठीत एक शब्द बोलेना!' लाल बाण होता, ढोल होता. एक उघडा माणूस धूसर दिसत होता. हौशीरामच्या मस्तकात रक्त चढलं. अंगठा चालला. भावकी, शाळेची बॅच, लग्नाचा ग्रुप, सगळीकडे व्हिडिओ गेला. खाली त्यानं नेहमीपेक्षा जास्त लिहिलं: 'जागे व्हा. असल्या माणसाला वेशीबाहेर काढा. आज त्यांचं गाव, उद्या आपलं.'

थोड्या वेळानं रतनबाईचा फोन आला. ती एवढी हसत होती की आधी त्याला वाटलं रडते आहे.

"अवो, कब्जा केलेल्या मान्साला वेशीभाईर काढायचं म्हनताय न्हवं? मंग ऱ्हावा तिकडंच. भाकरी बंगल्यावर पाठवून देते."

"काय झालं?"

"चस्मा लावून बगा."

मालकांचा जुना चष्मा ड्रॉवरमध्ये होता. हौशीरामनं तो लावला आणि लाल बाणाच्या टोकाला पाहिलं. बाणाच्या टोकाला त्याची स्वतःची पांढरी मिशी होती.

त्यानं घाईघाईनं व्हिडिओ काढून टाकायला घेतला, तर ग्रुपच्या ग्रुप आधीच हसत सुटले होते. आणि हसणारे निदान ओळखीचे होते. बाकी महाराष्ट्र त्याला ओळखत नव्हता. व्हिडिओखाली लोक लिहीत होते: 'डोळे बघा त्याचे, सराईत दिसतो.' 'मी याला गुवाहाटी स्टेशनवर पाहिलंय.' वाडीतल्या माऊलीनं, म्हणजे भजनी मंडळाच्या म्होरक्यानं, सविस्तर लिहिलं, की हा आमचा हौशीराम आहे, सात पिढ्या इथलाच आहे, त्या दिवशी देवीची राखण होती. त्याला उत्तर आलं: 'किती घेतले?' दुसरं आलं: 'फेक आयडी.' भोळ्या माऊलीनं सगळ्यांना विचारलं, "मी फेक हाय म्हंजी काय हाय?"

लोणावळ्याच्या बाजारात तर कहरच झाला. वांगी घ्यायला गेलेल्या हौशीरामला भाजीवालीनं नीट न्याहाळलं आणि हिंदीत भाव सांगितला. तोही चढा.

हौशीरामनं कैलासचा नंबर मिळवला आणि फोन लावला. "आवो, मी त्यो पारावरचा. मी हितलाच हाय. माझा आजा, पंजा, समदं हितलं."

"तुमचं मराठी छान आहे हो," कैलास कौतुकानं म्हणाला. "कुठं शिकलात?"

"आईच्या पोटात शिकलो! आधार कार्ड पाठवू का?"

"काका, आधार कार्ड हल्ली कुणाकडेही असतं. 'बनावट आधारचा बाजार' हा माझाच व्हिडिओ आहे. पाहिला नाही का?"

पाहिला नव्हता, पण पाठवला होता. सगळ्या ग्रुपवर.

"मंग वाडीतली मान्सं सांगतील की!"

"दबावाखाली असतील. 'दबावाखालची गावं', तोही आहे आपल्याकडे."

तोही पाठवला होता. हौशीरामला वाटलं, आपण गेली काही वर्षं एकेक वीट वाहून भिंत बांधली, आणि आज कळतंय, की आपण बाहेरच्या बाजूला आहोत.

"बरं झालं तुम्ही फोन केलात," कैलास शेवटी म्हणाला. "येत्या रविवारी आम्ही येतोय. 'चलो भोकरवाडी, गाव परत मिळवू.' लाईव्ह. तुम्ही असालच."

ही घोषणा पसरली आणि वाडीतली हसाहस पहिल्यांदा थांबली. हौशीरामला कोण हात लावणार होतं? सगळी वाडी त्याच्या मागं होती. पण परसातल्या खोलीत जमुना रात्रीचा स्वयंपाक सोडून भांडी पोत्यात भरत होती. हौशीराम दारात येऊन उभा राहिला. नटबर मृदंगाला जुन्या चादरीत गुंडाळत होता.

"हे काय चाललंय?"

"रविवारी सकाळी टेंपो सांगितलाय आबा. सुदुंबऱ्याला आमच्याकडचा एक जन कारखान्यात हाय, त्याच्याकडं जातो."

"येडा का खुळा तू? त्यो व्हिडिओ माझा हाय. तुझा न्हाई."

नटबर गाठ मारता मारता हसला. "त्येच म्हनतो मी. तुमी सात पिढ्यांचं, तर तुमाला लोकांनी गुवाहाटीला पोचीवलं. मी तर खरंच भाईरचा. माझं काय करतील?"

हौशीरामनं पोत्यातलं एक पातेलं काढून परत चुलीपाशी ठेवलं. जमुनानं ते उचलून पुन्हा पोत्यात भरलं. छकुली ओट्यावर रतनबाईच्या मांडीवर डोकं ठेवून विचारत होती, की सुदुंबऱ्याच्या शाळेत हीच पुस्तकं असतात का. रतनबाईनं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला खूप टोमणे मारले होते. हा न मारलेला त्याला सर्वांत लागला.

दुसऱ्या दिवशी पारावर बसून त्यानं संदेशला व्हिडिओ कॉल लावला. संदेशनं बापाचा व्हिडिओ पोलंडमध्येही पाहिला होता.

"आबा, तुम्ही फेमस झालात! काळजी नका करू. इथं पण आमच्यावर असे व्हिडिओ येतात. तोच लाल बाण, तसंच संगीत. फक्त भाषा कळत नाही."

"तुमच्यावर? तुमी काय केलंय?"

"काही नाही. आलोय ना बाहेरून. खालच्या मजल्यावरची आजी ते बघते आणि जिन्यात मला विचारते, संडेश, तुझी माणसं अशी का रे? मग मी तिला भजी देतो."

हौशीरामनं फोन पारावर ठेवला. मोबाईल वाजत होता, एकामागून एक व्हिडिओ येत होते. एकही पुढं गेला नाही. भजनी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलंसुद्धा, 'आबा आजारी आहेत का?'

रविवार उजाडला. टेंपो आला. वाडीतली माणसं नटबरला सामान चढवायला मदतही करत होती आणि जाऊ नको असंही म्हणत होती, म्हणजे एक पोतं वर जायचं आणि एक खाली यायचं. अशा वेळी वेशीतून कैलास आला. सोबत चार-पाच पोरं, झेंडा, आणि काठीला बांधलेला मोबाईल. त्याला समोर काय दिसलं? गांधी टोपी घातलेला, खांद्यावर गॅसची शेगडी घेतलेला, रापलेला एक माणूस घर रिकामं करत होता.

"थांबा!" कैलास ओरडला. "मित्रांनो, पाहा! आपल्या डोळ्यांदेखत एक मराठी माणूस गाव सोडतोय! काका, का जाताय?"

टोपी माऊलीची होती, ऊन लागू नये म्हणून त्यानंच नटबरच्या डोक्यावर घातली होती. नटबर शेगडी सावरत म्हणाला, "काय करावं दादा, आता हितं ऱ्हानं व्हईल असं वाटत न्हाई."

"ऐका, ऐका ही भूमिपुत्राची वेदना! कुणामुळं ही वेळ आली काका? घाबरू नका, सांगा!"

"तुमच्यामुळं," नटबर म्हणाला.

कैलासनं माईक मागं घेतला. "हे आपण नंतर कापू," तो मोबाईल धरणाऱ्याला हळूच म्हणाला. पण लाईव्ह चाललं होतं.

तेवढ्यात हौशीराम पुढं आला. आज तो पँट-शर्टमध्ये होता. "हाच तो!" कैलास म्हणाला, आणि त्यापुढं हौशीरामनं त्याला बोलू दिलं नाही. कितीतरी दिवसांचं साठलेलं होतं. आजाचं नाव, पंजाचं नाव, धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलेल्या शेताचं नाव, त्या शेताच्या बांधावरच्या आंब्याचं नाव, वाघजाईची राखण, न शिवलेलं कापड, सगळं त्यानं एका दमात सांगितलं, आणि मधे मधे कैलासच्या तीर्थरूपांचीही आठवण काढली. झेंडेवाल्या पोरांतला एक खुसुखुसू हसायला लागला.

"कैलासदादा, हे बंगल्यावरचे आबा आहेत रे. मी तिथं पाण्याची टाकी बसवायला गेलो होतो. यांनीच मला लोंढ्यांचे व्हिडिओ दाखवले होते."

कैलास हुशार होता. कुठल्या फोडणीचा वास कुठं जातोय, त्याला लगेच कळतं. त्यानं हौशीरामच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला थोडं बाजूला घेतलं. काठीचा मोबाईल मात्र दोघांसमोरच होता.

"आबा, चूक झाली. मी आत्ताच्या आत्ता लाईव्ह माफी मागतो. तुमचं नाव, तुमच्या सात पिढ्या, सगळं सांगतो. आज संध्याकाळपर्यंत महाराष्ट्रभर तुम्ही हिरो. फक्त लोक आता विचारणार, मग बाहेरचा कोण? तुम्ही इथले जुने, तुम्हाला माहीत असणार. एकदा बोट दाखवा. बस."

वर-खाली चाललेली पोती हातातच राहिली. टेंपोवालासुद्धा तंबाखू मळायचा थांबला. नटबर शेगडी खांद्यावर घेऊन तसाच उभा होता, माऊलीची टोपी डोक्यावर. जमुनानं छकुलीचा हात धरला.

मुलाखत, माईक, माफी, सगळं समोर होतं. एक बोट उचलायचं होतं. भाजीवाली पुन्हा मराठीत बोलली असती.

हौशीराम वळला आणि टेंपोकडे चालू लागला. वरच्या गाठोड्याची गाठ सोडली. त्यातून चौकड्यांची लुंगी काढली, लाल काठाचा गमछा काढला. टेंपोच्या आड जाऊन त्यानं शर्ट-पँट उतरवली, ती रतनबाईच्या हातात दिली, चपला तिथंच सोडल्या. मग तो पारावर चढला, पिंपळाला पाठ लावून मांडी घातली आणि तोंड मिटलं.

"हे काय?" कैलासनं विचारलं. "आबा? बोला ना."

हौशीराम समोर बघत बसला.

आधी कळलं रतनबाईला. तिनं नवऱ्याच्या कपड्यांची घडी घातली, काखेत मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "राखण बसली गं बाई."

"चैत्रातली झाली की आत्ताच!" माऊली म्हणाला.

"मंग ही दुसरी. देवीला काय क्यालेंडर लागतं का?" रतनबाई टेंपोवाल्याकडे वळली. "दादा, राखण बसली की वेशीभाईर सामान जात न्हाई. उतरवा."

"मावशी, माझं भाडं..."

"जेवून जावा."

नटबर म्हणाला, "अवो मावशी, असं कसं..."

"तू गप. चुली इजवा गं पोरींनो. आन् तू ती शेगडी ठिव, कढई घे. राखण्या उठतो कशानं? डोंगरावरच्या भातानं. भात शिजवनार कोन? तू. आता तुला जायाचंच आसंल, तर आधी ह्या मान्साला उठीव. का मी जलमभर मुका नवरा घिऊन बसू?" तिनं थोडा विचार केला. "तशी माझी काय तक्रार न्हाई म्हना."

हसू कुठून फुटलं ते कळलं नाही, पण ते टेंपोपासून वेशीपर्यंत गेलं. कुणीतरी तांदळाचं पोतं काढलं. कुणीतरी दारं ओढली. माऊलीनं चादरीतून मृदंग सोडवला. हळूहळू सगळी वाडी पुन्हा डोंगराच्या वाटेला लागली, पुढं नटबर, डोक्यावर कढई. झेंडेवाली पोरं थोडी रेंगाळली. मग टाकीवाल्या पोरानं झेंडा काठीवरून सोडला, काठीला लाकडाची मोळी अडकवली आणि तोही चढायला लागला. बाकीची पोरं आणि टेंपोवाला त्याच्या मागून.

खाली उरले दोघंच. कैलासनं आणखी दोनदा माईक पुढं केला. "आबा, शेवटचं विचारतो. गावात बाहेरचा कोण आहे?"

हौशीरामनं एकदा त्याच्या तळेगावी बुटांकडे पाहिलं, मग पुन्हा समोर. एक शब्द नाही. आतून मात्र त्याला गुदगुल्या होत होत्या.

शेवटी कैलास पाराच्या कडेला बसला. वरून मृदंगाचा आवाज येत होता, आणि थोड्या वेळानं धुराचाही वास आला. "तिथं जेवायला कुणालाही चालतं का?" त्यानं विचारलं. राखण्यानं बोट वर केलं, डोंगराकडे. या वेळी कैलासला बरोबर कळलं.

उन्हं कलली तेव्हा वाडी खाली आली. नटबरच्या हातात पळसाच्या पानावर भात होता. तो पारावर चढला, हौशीरामच्या समोर उकिडवा बसला आणि घास पुढं केला. हौशीरामनं तोंड उघडलं, घास घेतला, डोळे मिटून चावला. सगळी वाडी वाट बघत होती.

"मीठ कमी हाय, नटबर."

"व्हय आबा," नटबर म्हणाला. "पुढच्या चैत्रात जरा जास्त घालतो."

टेंपो रिकामा परत गेला. फक्त पाठीमागं चार झेंडेवाली पोरं बसली होती, पोटावर हात फिरवत. कैलासनं माफी मागितली, पण ती फार कुणी पाहिली नाही. त्याचा दुसरा व्हिडिओ मात्र गाजला: 'पुन्हा तोच माणूस! पुन्हा गप्प! नक्की काय लपवतोय?' लाल बाण, ढोल, सगळं होतं. भाजीवाली हौशीरामशी अजूनही हिंदीतच बोलते आणि तो आता तिला हिंदीतच घासाघीस करतो.

तो व्हिडिओ त्यानं चष्मा लावून, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. मग सगळ्या ग्रुपवर पाठवला. खाली लिहिलं, 'लुंगी नटबरची आहे.'

जोडलेले हात मात्र त्याला सवयीनं टाकावेच लागले.